आईचे जायचे कपडे

"रंग कसा आहे गं?"

"फिका पिवळा. तागाचा असतो तसाच."

"जुन्या वर्तमानपत्रासारखा?"

"थोडासा."

"मग नको. मला रद्दीत नाही जायचंय."

ओकजूने सुस्कारा सोडला. फोन तिने शिलाईयंत्राला टेकवून ठेवला होता, आवाज मोठा करून, म्हणजे आई बोलत असताना बोटाने पडद्यावरचे कपडे पुढे सरकवता येत. दर रविवारी सकाळी हाच कार्यक्रम. इंचॉन शहरातल्या एका जुन्या बाजारात ओकजूचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथून पाच-सहा तासांच्या बसवर, गोहंगच्या समुद्रकाठी, शहाऐंशी वर्षांची आई एकटी राहत होती.

अखेरच्या प्रवासाला अंगावर घालायचे म्हणून आई त्यांना 'जायचे कपडे' म्हणे. तागाचे, हातमागावरचे, हाताने शिवलेले. ते जिवंतपणीच करून ठेवायचे आणि तेही अधिक महिन्यात. त्या उपऱ्या महिन्यात भुताखेतांचं माणसांकडे लक्ष नसतं, त्यामुळे तेव्हा शिवले तर ज्याचे कपडे त्याचं आयुष्यच वाढतं, असं गावातली म्हातारी माणसं छातीठोकपणे सांगत. ओकजूच्या दोन्ही भावांनी "तू शिंपीण, तुला त्यातलं कळतं" म्हणत हात झटकले होते, आणि काम हिच्या गळ्यात पडलं होतं.

त्याला पाच वर्षं झाली. दोन अधिक महिने आले आणि गेले. हा तिसरा, ऐन उन्हाळ्यातला, आणि त्याचेही सोळा दिवस संपले होते.

"ऐक," आईचा आवाज जरा खाली आला. "पलीकडच्या बोंगहीचे आले."

"काय आले?"

"कपडे गं. काल दोरीवर वाळत घातले होते तिने. आख्खी आळी बघून गेली. मलाही बोलावलं. म्हणते, हात लावून बघा, सुनेनं मागवलेत. मी लावला हात. काय करणार? तिनं विचारलं, तुमच्या लेकीचं घोडं कुठं पेंड खातंय. मी म्हटलं, माझी लेक पारखून घेते. पाच वर्षं पारखतेय म्हटलं."

"आई, या महिन्यात नक्की."

"तू तर मागच्या अधिक महिन्यातही नक्कीच होतीस," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

आता ओकजूला आळशी म्हणावं तर जीभ झडेल. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची विजार तिने उशिरा दिली नव्हती. मंगळवार म्हणजे मंगळवार, चार म्हणजे चार. चालढकल फक्त स्वतःच्या कामांची. तिच्या स्वतःच्या कोटाची चेन दोन हिवाळे तुटलेली होती आणि ती तो कोट हाताने आवळून धरून फिरत होती. शेजारच्या किमची-भाज्यांच्या दुकानातल्या सूनदोकताई तिला बघून म्हणायच्या, "अगं, पैसे देऊन टाक स्वतःलाच, मग लगेच शिवशील."

पण कोट वेगळा आणि हे वेगळं. हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्या त्या साइटवर ओकजूने सत्तेचाळीस संच हृदयाची खूण करून ठेवले होते. कुठल्या गावचा ताग, सूत हाताने कातलं की गिरणीचं, सगळं तिला पाठ झालं होतं. गिऱ्हाइकांचे अभिप्रायही वाचून झाले होते. ज्यांनी ते कपडे घातले त्यांचा एकही नव्हता, हे एकदा तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली, मग तिला कसंतरी झालं.

चालढकल थांबवण्याचे उपायही तिने केले. एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं होतं, मोठ्या कामाचे बारके तुकडे करा. तिने केले. सोमवारी कापड ठरवायचं, मंगळवारी माप, बुधवारी मागणी. यंत्रावर 'आज' असं लिहिलेला कागद चिकटवला. रोज दहाचा गजर लावला. गजर वाजला की ती साइट उघडायची, एक संच टोपलीत टाकायची आणि 'मागणी नोंदवा' या बटणापाशी येऊन थांबायची. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या खिडकीच्या पडद्याची झालर दिसायची, ती आधी संपवू म्हणायची. पहिले पाढे पंचावन्न.

खरं कारण तिला ठाऊक होतं. ते बटण दाबायचं म्हणजे आईला, "झाली तुझी तयारी, आता तू कधीही जा," असं म्हणायचं. आयुष्य वाढतं वगैरे ठीक आहे, पण बोट पुढे सरकत नसे त्याला ती काय करणार?

बोंगहीचं ऐकल्यावर मात्र तिला राहवेना. आई आळीत मान खाली घालून उभी राहिली असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर सारखं येत राहिलं. सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या तिने सगळ्यांत चांगला संच काढला. एक म्हातारी विणकर बाई स्वतःच विणून स्वतःच शिवत होती, भाची फोटो टाकत होती. खाली लिहिलं होतं, 'या अधिक महिन्यात फक्त नऊ संच. शिल्लक : एक.'

ओकजूने तो टोपलीत टाकला. उंचीच्या चौकटीत १५५ लिहिलं, आईने सांगितलं होतं तेच. मग बटणापाशी थांबली. दारात एक बाई उभी राहिली, लग्नाला जायचंय, झग्याची शिवण उसवलीय, दहा मिनिटांचं काम. ओकजूने ते दहा मिनिटांत करून दिलं.

परत फोन उचलला तर 'शिल्लक : शून्य'.

"गेला!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सूनदोकताई मुळ्याची पाटी हातात घेऊन धावत आल्या.

"कोण गेलं गं?"

"कपडे गेले, ताई. आईचे. दहा मिनिटांत."

सूनदोकताईंनी पाटी खाली ठेवली. "पाच वर्षं नि दहा मिनिटं म्हण," त्या म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. "खाली नंबर असतो ना त्यांचा? फोन कर. रड त्यांच्यापुढे. माझ्यापुढे रडलीस तर मी मुळेच देणार."

फोन म्हातारीनेच उचलला. ओकजूने एका दमात सगळं सांगितलं.

"कापड आहे," म्हातारी म्हणाली. "हात नाहीत. महिना संपायला तेरा दिवस, आणि नऊ घरांचे कपडे माझ्या मांडीवर. दहावा मी कुठून शिवू?"

"मावशी, मी शिवते."

"तू कोण?"

"माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं झाली."

"यंत्र चालत नाही याला."

"हातानेच शिवीन."

"गाठ मारायची नाही. एकही नाही. टाका मागे वळवायचा नाही. गाठ पडली की जाणाऱ्याची वाट अडते. दोऱ्याचं शेपूट लांब सोडायचं."

"मुलीने आईचे शिवले तर चालतात ना?"

"चांगलंच की. पण मुली रडतात, नि मग टाके वाकडे येतात." म्हातारी खोकली. "उंची किती म्हणालीस?"

"एकशे पंचावन्न."

"स्वतः मोजलीस?"

"आईनेच सांगितली."

"अगं बाई! शहाऐंशीच्या बाईला उंची विचारतात होय? सगळ्या लग्नातली सांगतात. जा नि माप घेऊन ये, तोवर मी कात्री लावत नाही."

मंगळवारी पहाटेच्या बसने ओकजू निघाली. एरवी ती वर्षातून दोनदा जायची, नव्या वर्षाला आणि सुगीच्या सणाला, आणि दोन्ही वेळी घरात भावांची मुलं, सुना आणि भांडी. आईबरोबर एकटीने शेवटचं कधी बसले होते, हे तिला पाच तासांत आठवलं नाही.

आई पडवीत लाल मिरच्या वाळत घालत होती. लेकीला अवेळी दारात बघून तिचा हात थांबला. "कोण मेलं?"

"कुणी नाही. माप घ्यायला आलेय."

"फोनवर सांगितलं होतं की!"

"उभी राहा."

आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हनुवटी वर करून, टाचा जमतील तेवढ्या उचलून. ओकजूने खाली बसून तिच्या टाचा हळूच जमिनीला टेकवल्या. मग टेप वर नेली.

"किती?"

"एकशे शेहेचाळीस."

"तुझी टेप ताणली गेलीय. जुनी झालीय ती."

"असेल."

खांदे, हात, पाऊल. रोज पंधरा-वीस माणसांची मापं घेणाऱ्या ओकजूचे हात आईच्या खांद्यावर आले आणि तिथेच राहिले. पातळ सदऱ्याखाली नुसती हाडं होती. लहानपणी याच खांद्यावर बसून ती जत्रेतल्या झुंजी बघायची. तिला आईला पोटाशी धरावंसं फार वाटलं, पण त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. तिने पाठीचं माप दोनदा घेतलं.

"तिसऱ्यांदा घेतेस की काय?" आई म्हणाली, पण हलली नाही.

जेवताना आईने मासा तिच्या भातावर सोलून ठेवला, ती सात वर्षांची असल्यासारखा. ओकजू म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीचा तो बोसोंगच्या तागाचा संच आठवतो? मी तेव्हा घेतच होते. तूच म्हणालीस, सूत जाड आहे."

"चांगला होता तो."

"मग नको का म्हणालीस?"

"खा. काटा बघून खा," आई म्हणाली.

मापं तिने म्हातारीला फोनवर कळवली आणि कापलेले तुकडे तिसऱ्या दिवशी दुकानात पोचले. ओकजूने दुकानाच्या दारावर 'अकरानंतर उघडेल' अशी पाटी लावली आणि रोज सकाळी सहापासून शिवू लागली. पहिल्या दिवशी तिने बाहीला चार गाठी मारल्या. मनात नव्हतं, पण तीस वर्षांची सवय. दोरा संपत आला की बोटं आपणच वळून गाठ मारायची. ती उसवून पुन्हा सुरू करायची. चौथ्या दिवशी बोटं ऐकू लागली. ती रडलीही, म्हातारीच्या सांगण्याप्रमाणे, आणि तेवढे टाके वाकडे आले. ते तिने उसवले नाहीत.

सूनदोकताई रोज दारातून डोकावून जेवण ठेवून जात. एकदा म्हणाल्या, "काय गं, यात दिरंगाई नाही होत तुझी?"

"आता हातात आईची बाही आहे ना," ओकजू म्हणाली.

पायमोजे सगळ्यांत शेवटी शिवले. आईची पावलं सुजतात म्हणून तिने प्रत्येक मोजा दोन बोटं सैल ठेवला, आणि कुरिअरवाल्याच्या हातात खोकं देताना तीनदा सांगितलं, उद्याच पोचलं पाहिजे. अधिक महिना संपायच्या आदल्या दिवशी ते आईच्या दारात पोचलं. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मागे पाच-सहा बायकांचा गलका होता.

"बोंगही म्हणते, गाठ शोधून सापडत नाही!" आई ओरडून सांगत होती. "मी म्हटलं, शोध, शोध! माझ्या लेकीनं शिवलेत. मागवलेले नाहीत!"

एवढा आनंदी आवाज ओकजूने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

रविवारी सकाळी तिने नेहमीसारखा फोन यंत्राला टेकवला आणि नंबर लावला.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. ऊन आहे का तिकडे?"

"आहे."

"मिरच्या वाळल्या?"

"वाळल्या."

मग काही सुचेना. पाच वर्षं हा फोन तासभर चालायचा आणि आज दोन मिनिटं झाली नव्हती. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. ओकजूने सवयीने साइट उघडली, पण वाचून दाखवायला काहीच नव्हतं. "आणखी काय?" असं दोघींनी एकदमच विचारलं आणि दोघीही थांबल्या.

"आई," ओकजू म्हणाली, "मला तुझी फार आठवण येते गं."

आता आई फोन ठेवणार, असं तिला वाटलं.

"ते पायमोजे," आई म्हणाली.

"काय झालं त्यांना?"

"घट्ट होतात."

दोन बोटं सैल ठेवलेत गं, हे ओकजूच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"चांगलेच घट्ट होतात," आई पुन्हा म्हणाली. "दुसरे बघायला लागतील. तिथं असतील ना, हाताने केलेले? दर रविवारी एकेक वाचून दाखव. रंग सांग, कापड सांग."

"बघते, आई."

"हां. आणि हे बघ," आई म्हणाली, "नीट पारखून बघ. घाई करू नकोस."