फूजेरच्या वाटेने कुणीच जात नाही

मी एक जुना पाटीचा खांब आहे, मित्रांनो. बिडाचा, कमरेत जरा वाकलेला, आणि जिथे गंज चढलेला नाही तिथे अजून निळा. फूजेर वस्तीच्या फाट्यावर मला उभं करून नव्वद वर्षं झाली. इतकी वर्षं एका जागी काढली की एक गोष्ट कळते. जो माणूस माझ्यापाशी थांबून इकडेतिकडे बघतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच. तुम्हीही थांबला आहात, म्हणून लांबूनच ऐका. हात लावू नका.

माझा जन्म दूरच्या एका ओतशाळेत झाला. तिथे माझ्या एकुलत्या एका हातावर ‘शांतरेल ४’ अशी अक्षरं उठवली आणि तो हात बोल्टने खांद्यावर आवळला. त्या बोल्टचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. जे आवळता येतं ते सैलही करता येतं.

माझ्यापासून शांतरेल गावाला दोन वाटा जातात. उजवीकडे हमरस्ता, सात किलोमीटर, त्यावर लाकूड वाहणारे ट्रक सुसाट धावतात. डावीकडची वाट चारच किलोमीटर. चेस्टनटच्या झाडीतून, ओढ्याच्या काठाने जाते. मोटार दिसेल न दिसेल. माझा हात या डाव्या वाटेकडे. एके काळी पोस्टमन, दूधवाले, शाळामास्तर सगळे सायकलवरून माझ्याकडे बघत जायचे. एकदा एका म्हाताऱ्या पोस्टमनने मला टोपी काढून नमस्कार केला होता. तेव्हाही मला वाटलं, याला काय हवंय? पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता इथल्या लोकांची खोड सांगतो. पानगळीच्या दिवसांत त्या झाडीत सेप उगवतात. सेप म्हणजे जाड बुंध्याची, तपकिरी डोक्याची अळिंबी. लोण्यात लसूण घालून परतली की वस्तीवरची भांडणंसुद्धा तासभर थांबतात. पण कुणाची सेप कुठे उगवते हे कुणी कुणाला सांगत नाही. बाप मरताना शेत कुणाला ते सांगेल, सेपची जागा सांगणार नाही. जो तो कोटाखाली टोपली लपवून आपापल्या वेळी त्या वाटेने जातो. आणि विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. “त्या वाटेला? मी? छे, वर्षात पाऊल टाकलं नाही!” मी सगळ्यांना जाताना बघतो आणि सगळ्यांना नाही म्हणताना ऐकतो. असल्या गावात मी संशयी झालो, यात नवल ते काय?

या सगळ्यांत पक्की होती युगेत आजी. वय एकोणऐंशी, सायकल तिच्याहून थोडी लहान. तिचा धाकटा भाऊ, आमे, वाटेच्या त्या टोकाला एकटा राहतो. त्याचं डावं अंग लुळं पडलंय. आजी रोज अकराला किटलीत सूप घेऊन सायकलवरून त्याच्याकडे जाते, भरवते आणि परत येते. हमरस्त्याने जाणं तिला शक्यच नाही. ट्रकचा वारा लागला तरी ती गटारात जाईल.

अकरा वर्षांपूर्वी शहरात कुणीतरी शांत, मोटारी नसलेल्या सायकलवाटांची पुस्तिका काढली आणि तिच्यात आमची वाट छापली. झालं! रंगीत, घट्ट कपडे घातलेले सायकलवाले येऊ लागले. माझ्यापाशी थांबायचे, फोटो काढायचे आणि म्हणायचे, “अहाहा, काय शांतता!”

आजी माझ्याशी बोलायची. “एवढ्या लांबून कुणी नुसतं पाय मारायला येतं का रे? पाठीवरच्या पिशवीत काय असतं मग?”

मलाही वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. एका दुपारी, सारी वस्ती जेवायला बसलेली असताना, ती नवऱ्याचा पाना घेऊन आली. बोल्ट सैल केला आणि माझा हात हमरस्त्याकडे फिरवला. सायकलवाले त्या ट्रकांत जाऊ लागले. एक जोडपं तासाभराने परत आलं, नवऱ्याचं कोपर सोलवटलेलं. आजीनेच ते धुऊन पट्टी बांधली. पण खरी वाट सांगितली नाही. आणि मी, ज्याचं काम वाट दाखवणं, तो गप्प राहिलो.

मग गेल्या पानगळीत माझ्या अंगावर पिवळा कागद चिकटवला गेला. असले कागद शिकारवाले दरवर्षी लावतात, म्हणून कुणी वाचला नाही. त्यात लिहिलं होतं की फूजेरची वाट वापरात नाही, सबब ती मार्सियाल देलूश यांना विकण्याचा विचार आहे. हा मार्सियाल गुरंवाला, वाटेच्या दोन्ही अंगांचं कुरण त्याचंच. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी पंधरा दिवसांत पंचायतीतल्या वहीत लिहावं.

त्याच आठवड्यात एक टकलू गृहस्थ सायकलवरून आला. अंगात तेच घट्ट कपडे, पाठीवर तीच पिशवी. त्याने आजीला थांबवलं. “बाई, तुम्ही या वाटेने जाता का कधी?”

“मी? छे! तिकडे काही नाही हो. नुसता चिखल.”

त्याने मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. आजी मला म्हणाली, “बघितलंस? सेपचोर!”

पंधराव्या दिवशी तोच टकलू परत आला, या वेळी कोट घालून. बरोबर सरपंचबाई, मार्सियाल आणि सगळी वस्ती. तो सरकारने नेमलेला तपासनीस निघाला, नाव वेर्दिये.

“वहीत एकही ओळ नाही,” तो म्हणाला. “मी स्वतः नऊ जणांना विचारलं. नऊही जण म्हणाले, जात नाही. मग वाट कुणासाठी ठेवायची?”

“म्हणजे काय होणार?” आजीने विचारलं.

“कुंपण पडेल, काकू,” मार्सियाल म्हणाला.

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. “मग मी आमेकडे कशी जाऊ?”

“हमरस्ता आहे की! आणि तुम्हीच सांगितलंत ना, तिकडे नुसता चिखल?”

“खोटं बोलले मी! रोज जाते. रोज!”

तपासनीस नरमाईने म्हणाला, “बाई, आज सगळेच असं म्हणतील. काही पुरावा?”

आजी वळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग झाडीकडे. मित्रांनो, मला कळलं ती काय करणार आहे, आणि मला ओरडावंसं वाटलं, नको गं! ती वीस पावलं चालली, तिसऱ्या चेस्टनटखाली वाकली आणि नेच्याची पानं बाजूला केली. खाली सेपच सेप. शेजारी जुन्या-नव्या कापलेल्या देठांची गर्दी, आणि सायकल टेकवून टेकवून झाडाच्या सालीला पडलेली खाच.

“हा घ्या पुरावा. बेचाळीस वर्षांचा.”

सगळे वाकून बघू लागले. मग वस्तीतला म्हातारा फिर्मँ ओरडला, “अगं भवाने, इथे? आणि मी रोज सकाळी इथून शंभर पावलं पुढे...” त्याने तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता. सरपंचबाईंना हसू आवरेना. “मीसुद्धा,” त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा एकेकाचं तोंड उघडलं. वही माझ्याच पायथ्याशी उघडली गेली आणि नऊ ओळी पडल्या. जाण्याचं कारण प्रत्येकाने एकच लिहिलं, पाय मोकळे करायला. वाट विकली गेली नाही.

संध्याकाळी आजी पाना घेऊन आली आणि माझा हात जागेवर आणला. “चुकलंच माझं,” ती म्हणाली. माझंही चुकलं होतं, पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी अकराला ती चेस्टनटखाली वाकली. एकही सेप उरली नव्हती. सगळी कापून नेलेली, आणि चिखलात मार्सियालच्या बुटांचे ठसे. “मेल्या!” ती म्हणाली आणि तिथेच बसून रडली. बराच वेळ. मग उठली, सूप सांडलं नाही ना ते बघितलं आणि भावाकडे निघाली.

सायकलवाले आता रोज येतात. मला त्यांच्या पिशव्यांचा अजूनही संशय आहे, तो काही जायचा नाही. पण एक विनंती करतो. तुमच्याकडेही एखादी शांत वाट असेल, जी तुम्ही कुणाला सांगत नाही. तिच्यावरून जा, आणि घरी आल्यावर मोठ्याने सांगा, मी त्या वाटेने जाऊन आलो. चोरून जपलेली वाट कागदावर रिकामीच दिसते, आणि रिकामी वाट विकायला कुणाला लाज वाटत नाही.