तीन महिन्यांचं मेण

माजी मंत्री असतो, माजी मुख्याध्यापक असतो. माजी जावई हा काय प्रकार असतो, ते मला कुणीतरी समजावून सांगा. लेकीचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, तिनं दुसऱ्या शहरात आपलं बस्तान बसवलं, आणि हा गृहस्थ अजून माझ्याकडे येतो, मला आई म्हणतो आणि माझ्या गाडीला मेण लावून देतो. लेक एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, त्याचा आता आपल्याशी काही संबंध नाही हं." मी म्हटलं, "बरं." बरं म्हणायला काय जातं! तो येतो हे मी तिला सांगितलेलं नाही.

गाडी ह्यांची. काळी, चौदा वर्षांची. हे गेल्यावर "विकून टाका, विकून टाका" म्हणून सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं, पण मी कुणाचं ऐकलं नाही. बँक आणि दातांचा डॉक्टर सोडला तर मी ती कुठे नेत नाही. जावयाला गाड्यांचं वेड, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिची निगा त्यानंच राखली. पॉलिश आणि मेण यात गल्लत करायची नाही, हे त्यानंच मला शिकवलं. पॉलिश रंगाचा पातळसा थर घासून काढतं, तेव्हा कुठे ओरखडे जातात. म्हणून ते क्वचित, आणि तेही हात राखून. मेण काही काढत नाही. ते नुसतं वर बसून ऊनपाणी अंगावर घेतं आणि हळूहळू झिजून जातं.

दुकानात तीन तऱ्हा मिळतात. डबीतलं झाडाच्या पानांचं मेण, ते टिकतं तीन महिने. बाटलीतलं सीलंट, सहाएक महिने. आणि सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षं. मी दर वेळी डबी घ्यायची. दुकानदार म्हणायचा, "मावशी, जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही अजून डबीतच." मी त्याला सुनवायची, "सीलंटची चमक प्लास्टिकसारखी दिसते." साफ खोटं. चमकेतलं मला ओ की ठो कळत नाही. डबी घेतली की जावई वर्षातून चारदा येणार आणि बाटली घेतली की दोनदा, एवढंच मला कळायचं.

आता सांगतेच आहे तर सगळंच सांगते. चारदाही मला पुरेना. मग दोन वर्षांपूर्वी मी गाडी भांड्यांच्या साबणानं धुवायला लागले. तेलकट कढई लख्ख करणारा साबण तो, त्याच्यापुढे मेणाचा काय टिकाव लागणार! दोन महिन्यांत बॉनेटवर थेंब धरेनासे व्हायचे, पाणी नुसतं पसरायचं, आणि मी फोन लावायची.

"अहो, मेण गेलं वाटतं."

"इतक्यात?"

"ऊन काय कमी आहे का यंदा!"

शनिवारी सकाळी स्वारी हजर. मग चार तास तो मेण लावत पुढे आणि मी मऊ फडक्यानं पुसत मागे. बोलणं काही खास नसायचं. "आई, इथं राहिलं." "डोळे आहेत मला." "आई, जोर नका लावू." "मग काय फुंकर मारू?" एवढंच. पण एरवी आठवडाभर माझ्याशी बोलतं कोण? लिफ्टमधली बाई मजल्याचे आकडे बोलते, तेवढीच. एकटीला मला कंटाळा येतो असं मी सगळ्यांना सांगते. कंटाळा कसला! भीती वाटते.

तर गेल्या शनिवारी तो आला आणि त्यानं बाह्या काही वर केल्या नाहीत.

"आई, आज दुकानातच जाऊ. कोटिंग करून टाकू. माझ्याकडून."

वाटेत गाडी चालवता चालवता, समोर बघत म्हणाला, "तिला आठवा महिना लागलाय." ती म्हणजे त्याची बायको, गेल्या वर्षी लग्न केलं त्यानं. "आता शनिवारचं काही जमेल असं वाटत नाही."

"अरे वा! किती छान," मी म्हटलं. मनापासून म्हटलं हो, देवाशपथ. पण मनातल्या मनात शनिवार मोजायला लागले होते.

दुकानात मी खूप फाटे फोडले. कोटिंगखाली ओरखडे तसेच राहिले तर? आधी पॉलिश करून घेतील. जुन्या गाडीला एवढे चोचले कशाला? जुनीलाच जास्त गरज असते.

"मग डबीत काय वाईट होतं?" माझा आवाज चढला. "दोन महिने तरी—"

"डबी तीन महिने टिकते, आई."

दुकानदाराला गप्प बसवलं तर ना! "मावशी, हे एकदा लावलं की पाच वर्षं कशानं म्हणून जात नाही."

जावई काउंटरवरची बाटली उगाच सरळ करत होता. अगदी हळू म्हणाला, "साबणानंसुद्धा नाही जात, आई. दरवाजा उघडला की फटीतून लिंबाचा वास येतो. मला पहिल्याच खेपेला आला होता."

लाजेनं मी अर्धमेली झाले. दोन वर्षं! दोन वर्षं याला माहीत होतं, आणि तरी फोन केला की तो येत होता. आणि माहीत होतं म्हणूनच आज साबणाला दाद न देणारी वस्तू शोधून मला इथं घेऊन आला होता. दोन्ही एकदमच कळलं, आणि कशासाठी रडायचं तेच कळेना. नाक पुसलं आणि दुकानदाराला म्हटलं, "पाच वर्षांचंच लावा. बघता काय?"

सोमवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन आला. आरशासारखी दिसत होती. किल्ली माझ्या हातात दिली. वर चला म्हटलं तर म्हणाला, ती घरी एकटी आहे. मग दोन पावलं जाऊन वळला.

"आई, मी अधूनमधून येत जाईन."

आता यावर माणसानं काय म्हणायचं? 'या' म्हणायचं. पण माझी जीभ!

"कशाला?" मी म्हटलं. "आता काम काय राहिलंय?"

तुमच्यासाठी येईन, असं त्यानं म्हणावं म्हणून म्हटलं होतं मी. त्यानं गाडीकडे पाहिलं, जरा विचार केला.

"हो, तेही खरंच," म्हणाला, आणि सुटल्यासारखा हसला.

फाटक काही जवळ नाही आमचं. तो चालत तिथवर गेला, कडी काढली, बाहेर जाऊन पुन्हा नीट लावली. तेवढ्या वेळात मला दहा वेळा 'या' म्हणता आलं असतं.