टेबलाबाहेरचा उंदीर

स्टुडिओत दोन मामा होते. एक हाडामांसाचे, दुसरा उंदीरमामा, शाईचा. हाडामांसाचे मामा मूकपटात रिकाम्या हवेशी हसत, भांडत, रुसत. फीत धुऊन आली की त्यांची सख्खी भाची एकेका चित्रात त्या हवेच्या जागी उंदीर काढायची.

उंदराची जागा कळावी म्हणून काठीला लाल चिंधी बांधून ती तिथे उभी करत. तालीम झाली की काठी उचलायची आणि मामांनी जागा ध्यानात ठेवायची. मामांना चिंधी दिसेनाशी होऊन वर्ष झालं होतं. ते पावलं मोजत आणि टेबलाच्या कडेने हात नेत. हे एकट्या भाचीला ठाऊक होतं. मालकांना कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नवा नट आला असता, आणि घरी बसणं म्हणजे मामांना जितेपणी तसबिरीत जाऊन बसणं.

एक दिवस सुताराने टेबल हातभर सरकवलं. मामांनी मोजून पावलं टाकली, वाकून बिस्किट पुढे केलं, ते टेबलाबाहेर, अधांतरी. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. फीत पाहिली तोवर देखावा मोडून झाला होता. म्हाताऱ्याला दिसतं तरी का, असं मालकांनी विचारलं.

भाचीने दौतीवरून मान वर उचलली नाही. म्हणाली, "दिसतं की. उंदीर तिथेच येणार आहे."

आता त्याला आणणं आलं. टेबलावर आयता बसून खाणारा उंदीर तिने कडेपर्यंत चालवला, खाली डोकावायला लावला, घाबरवला, खिडकीच्या पडद्यावर चढवला आणि पडद्याच्या दोरीला शेपटीने उलटा टांगून थेट बिस्किटापाशी झुलवला. दोनशे बारा चित्रं झाली. आठ दिवस तिच्या नखांतली शाई निघाली नाही.

पहिल्या खेळाला लोक पोट धरून हसले. मालकही हसले. पुढच्या वेळी असली खोडी आधी सांगून करा, असं मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

मामा पडद्याच्या जरा डावीकडे बघत ते हसू ऐकत होते. मग भाचीकडे झुकले.

"कुठे होता गं तो?"

"तुझ्या हातापाशी."

 मामांनी तिच्यासाठी हात पुढे केला. तो तिच्यापासून वीतभर चुकला. तिने आपला हात तिथवर नेला.