तीन डबे आणि एक बरणी

घरातल्या तीन डब्यांचा कायदा सासऱ्यांनी केलेला होता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं बाटल्यांवर लेबलं चिकटवलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. हिरवा डबा खताचा, निळा पुन्हा वापरात जाणाऱ्या वस्तूंचा, काळा निव्वळ कचऱ्याचा. दुधाचा खोका धुऊन, चपटा करून, एक कोपरा आत मुडपूनच निळ्यात जायचा. त्यांच्या कानाच्या यंत्रातले संपलेले सेल मात्र कुठल्याच डब्यात जात नसत. त्यांच्यासाठी ओट्यावर झाकणाची बरणी होती.

"बाबांच्या राज्यात कचऱ्यालासुद्धा प्रवेशपरीक्षा आहे," त्यांचा मुलगा हसून म्हणायचा.

म्हणूनच पहिली लाल चिठ्ठी आली तेव्हा संशय सुनेवर गेला. कचरा मिसळलेला दिसला की गाडीवाला डबा उचलत नसे, झाकणावर चिठ्ठी चिकटवून पुढे जाई.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" नवरा म्हणाला. "बाबांनी इतकं शिकवलं, तरी?"

तिने चिठ्ठी साखरेच्या डब्यामागे सरकवली. हिरव्या डब्यात अंड्यांच्या टरफलांखाली तिला दुधाचा खोका सापडला होता, आणि त्याचा एक कोपरा व्यवस्थित आत मुडपलेला होता.

नणंद वर्षभर एकच धोशा लावून बसली होती: बाबांना वृद्धाश्रमात ठेवा. दिवसभर ते घरात एकटे असतात. नवऱ्याने अजून दाद दिली नव्हती. पण "एकदा जरी काही विसरले, तर मी ताईचं ऐकणार," असं तो बोलून बसला होता. त्यामुळे सासरे आंघोळीला गेले की सून हातमोजे चढवून तिन्ही डबे उपसू लागली. चहाचा चोथा निळ्यातून हिरव्यात, प्लास्टिक हिरव्यातून निळ्यात. तिची नजर चुकली त्या दोन दिवशी आणखी दोन चिठ्ठ्या आल्या. त्याही तिने तिथेच दडवल्या.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ओटा पुसताना तिला बरणीत काहीतरी पांढरं दिसलं. संपलेल्या सेलांमध्ये रक्तदाबाच्या तीन गोळ्या होत्या.

तिने गोळ्यांची सात खणांची डबी उघडली. बुधवारचा खण रिकामा होता. सकाळची गोळी तिने स्वतः सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली होती. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या खणांत मात्र एकेक सेल होता, गोळीएवढाच, स्वच्छ पुसून ठेवलेला.

तीन आठवडे रोज सकाळी आपण कचरा नव्हे, त्यांच्या आजाराचा इशाराच उपसून टाकत होतो, हे तिला आत्ता कळलं.

"बाबा, जरा इकडे या."

सासरे आले. तिने डबी, बरणी आणि तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. त्यांनी चष्मा लावला. एखादी जुनी नोंदवही तपासावी तसे ते खाली वाकून पाहत राहिले.

"हे मी केलं?"

"हो."

"आणि डबे?"

"तेही. मी रोज नीट लावत होते."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

त्यांनी शनिवारच्या खणातला सेल चिमटीत उचलला आणि परत ठेवला. "चुकलीस, सूनबाई. बिघाड दिसला तर नोंदवायचा असतो. पुसून टाकायचा नसतो."

"तुम्हाला इथून नेतील म्हणून…"

"कळलं गं." त्यांनी चष्मा काढला. "न्यायला हवं असेलही. ते मला आता ठरवता येणार नाही, हेच तर कठीण आहे."

जिन्यात बुटांचा आवाज झाला. तिने सवयीने चिठ्ठ्यांकडे हात नेला. त्यांनी तो अडवला.

"राहू दे. मी सांगतो त्याला. मध्येच विसरलो, तर पुढचं तू सांग."

मुलगा आत आला, टेबलाकडे पाहून हसला. "काय, आज प्रदर्शन मांडलंय का?"

"बस," सासरे म्हणाले. "आपल्याकडे तीन डबे आहेत. हिरवा खताचा. निळा…"

ते थांबले. मुलाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि तिने पुढची खुर्ची ओढली.