मुलाण्याची सुरी

नानासोने चहाचा कप खाली ठेवला आणि खुंटीकडे पाहिलं. तिथं फडक्यात गुंडाळलेली सुरी होती. याकूबच्या आजोबांची, मग वडिलांची, आणि गेली अकरा वर्षं याकूबची.

"पल्लवीनं घरी सांगितलं ते खरं हाय का?" त्याने विचारलं.

याकूब मुलाणी जतच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या या गावात हायस्कूलला मास्तर होता. गेली तीन वर्षं शनिवारी शेवटच्या तासाला तो नववीला वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देई. हा तास कोणालाच नको होता, म्हणून त्याच्या गळ्यात पडला होता. त्याने नियम एकच केला होता: आपल्या घरी काय करतात ते खरं सांगायचं, आणि दुसऱ्याचं ऐकून हसायचं नाही. पोरं खुलली. कोणी बिरोबाचा भंडारा सांगितला, कोणी रोजे, तर एकाने जैन आजीचं सूर्यास्ताआधीचं जेवण. मागच्या शनिवारी नानासोच्या मुलीने, पल्लवीने, हात वर केला आणि विचारलं, सर, तुमचा कशावर विश्वास आहे?

टाळता आलं असतं. इतकी वर्षं टाळलंच होतं. पण नियम त्याचाच होता. आपला आता कशावरच नाही, असं त्याने सांगून टाकलं, आणि कारणही सांगितलं. लहानपणी एका दुष्काळात तो वडिलांबरोबर माळावर पावसाच्या नमाजेला उभा राहिला होता. त्याच आठवड्यात गावाने विहिरीच्या तळाचं पाणी उपसून महादेवाचा गाभारा भरला. पाऊस काही आला नाही. टँकर आला, तोही दोन दिवस उशिरा, आणि त्याच्या रांगेत झाडून सगळे होते. तिथं पहिली शंका आली. पुढं शिकवण्यासाठी तो एकेक धर्म वाचत गेला, तेव्हा प्रत्येकात त्याला माणसाची तीच भीती आणि तीच माया दिसली. देव मात्र दिसला नाही. रागाने काही सुटलं नव्हतं, झिजत झिजत गेलं होतं.

तो देव मानत नाही याचं गावाला काही सोयरसुतक नव्हतं. अडचण वेगळीच होती. परवा बिरोबाची जत्रा होती, आणि मुलाण्याने अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय इथल्या धनगरांच्या चुलीवर मटण चढत नसे.

"बोकड बिरुबाचा, पर नाव तुमच्या देवाचं लागतं," नानासो म्हणाला. "तुजाच इस्वास न्हाई, तर त्या नावाला काय अर्थ? म्हातारी मानसं शिवायची न्हाईत गड्या."

"अकरा वर्सं मीच कापलं की."

"तवा आमाला ठावं नव्हतं."

याकूबला हसू आलं, आणि मागोमाग फार थकल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या देवाचाही मान ठेवावा, हे तीन वर्षं तो पोरांना समजावत होता, आणि नानासो ते न शिकताच जगत होता.

नानासो पुढं सरकला. दोघे एका बाकावर शिकलेले. "एकदा म्हन, पोरांची गंमत केली. गावाला मी सांगतो. मिटलं."

याकूबची बायको शकिला दारात उभी होती. ती पाचही वेळा नमाज पढायची, आणि जत्रेआधी सुरी पुसायचीही तीच. तिने मान खाली घातली. शब्द याकूबच्या ओठांवर आला होता. त्या एका वाक्याने घराचा मान राहिला असता. पण शनिवारी पल्लवी पहिल्या बाकावर बसणार होती.

"गंमत नव्हती, नानासो," तो म्हणाला.

त्याने उठून सुरी काढली, दगडावर नीट धार लावली आणि नानासोच्या हातात दिली. जतहून चुलतभावाला, सरफराजला, बोलवा म्हणाला; तो नमाजी आहे. नानासोने सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि तो गेला.

जत्रेच्या दिवशी ढोल घरापर्यंत ऐकू येत होते. याकूब चाचणीचे पेपर तपासत बसला. शकिलाने सवयीने सकाळीच कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवलं होतं. मुलाण्याचा वाटा दरवर्षी दुपारपर्यंत घरी यायचा.

दिवेलागण झाली. वाटा सरफराजच्या पिशवीतून जतला गेला होता. शकिलाने तूर शिजवली आणि ते सगळं वाटण डाळीत घातलं.

याकूबने पहिला घास घेतला. चव तीच होती, जत्रेची. त्याला वडिलांची फार आठवण आली. कशी झालीय, शकिलाने विचारलं. छान झालीय म्हणत त्याने ताट पुढं केलं, आणि तिने आणखी एक पळी वाढली.