इस्त्रीवालीच्या चादरीवरची अक्षरं

मी एक जुनी चादर आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. हल्ली दुकानात ज्या चादरी मिळतात, त्यांच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. माझ्यातून पेटलेला दिवा दिसत नसे. जाड सूत, दुहेरी काठ, आणि ओली झाले की पिळायला दोन बायका लागत. शाळेत काही मी गेले नाही. मला वाचता येतात ते माझ्या अंगावर लिहिलेले चार शब्द. तेवढ्यावरच माझं शिक्षण संपलं, आणि ते चार शब्द मला फार महाग पडले.

मला विकत घेतलं एका इस्त्रीवालीनं. सगळे तिला मावशी म्हणत. तिनं मला अंथरुणावर लोळत ठेवलं नाही, कामाला लावलं. तिच्या दुकानात एक लांब टेबल होतं. त्यावर कांबळ्याची चौपदरी घडी आणि घडीवर मी, ताणून, चारी कोपरे खाली खोचून. सकाळी दुकान उघडलं की माझ्यावरून तापलेली इस्त्री फिरू लागे. कोणाच्या कॉलरी, कोणाच्या बाह्या, कोणाच्या विजारी. गावातल्या बड्या लोकांचे कपडे माझ्यावर पालथे पडून सरळ झाले आहेत. दोन ठिकाणी इस्त्रीच्या टोकाचे करपट डाग पडले. मला त्यांची लाज नाही. काम करणाऱ्याच्या अंगावर डाग असायचेच. ज्यांच्या अंगावर एकही नाही, त्यांचीच चौकशी करावी.

मावशीला एकच मुलगा. उंच, वाळका, सदा हसरा. ती त्याला बांबू म्हणायची, म्हणून सगळी आळी बांबू म्हणायची. इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचं काम त्याचं. एका घरी गेला की तिथेच गप्पा मारत उभा. परत आला की मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"देवानं चालायला पाय दिलेत, तू जिभेनं चालतोस!"

"अगं, पाय दुखले की जीभ वापरतो," तो म्हणायचा, आणि पुढचा गठ्ठा उचलायचा.

आमच्या आळीपुढे मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दुसरी वस्ती. दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. तरी एके दिवशी रस्त्यात गाडीला गाडी घासली आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून दगड सुरू झाले. दुसऱ्या दिवशी थोडं निवळल्यासारखं वाटलं. पलीकडच्या एका मुलीची नोकरीची मुलाखत होती आणि तिचा पांढरा सदरा आमच्या दुकानात होता. "सदऱ्यावाचून तिची नोकरी जायची," असं म्हणून बांबूनं सदरा हँगरला अडकवला, चुरगळू नये म्हणून हात उंच केला आणि निघाला. कोपऱ्यावर, न्हाव्याच्या दुकानासमोर, त्याला घोळक्यानं गाठलं. तो परत आला नाही.

पुढे हवालदार दुकानात आला आणि त्यानं कागद वाचून दाखवला. अज्ञात जमावाच्या मारहाणीत मृत्यू.

"हा अज्ञात कोण? कुठं राहतो?" मावशीनं विचारलं.

"मावशी, अज्ञात म्हणजे ज्यांना कोणी ओळखत नाही असे लोक."

"न्हाव्याच्या दारात मारलं माझ्या पोराला. न्हावी माणसाला पाठमोऱ्या डोक्यावरून ओळखतो, आणि तुम्ही म्हणता अज्ञात?"

हवालदारानं टोपी घातली. "त्याचं म्हणणं, शटर ओढलेलं होतं."

शटर अर्धंच ओढलेलं होतं. आळीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. त्या दिवसापासून मावशीचं एकच मागणं झालं. न्हाव्यानं जे पाहिलं ते चारचौघांत आणि मग कोर्टात सांगावं. तिला कोणाचं घर जाळायचं नव्हतं, कोणाला शिव्याशाप द्यायचे नव्हते. तेवढंच एक हवं होतं.

आळीत एक मास्तर राहायचे. भला माणूस. मास्तरांनी दोन्हीकडच्या लोकांना गोळा करून दर शनिवारी चौकात सभा भरवायचं ठरवलं. सभेला फलक हवा आणि फलकाला कापड हवं. मावशीनं टेबलावरून मला ओढून काढलं.

"घ्या. मजबूत आहे. डाग आहेत, पण आता इथं डाग कोणाला नाहीत?"

पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याच्याकडे मला नेलं. लिहायचं होतं, 'न्याय हवा, शांतता हवी'. पेंटरचा सगळा जन्म दवाखान्यांच्या आणि वाचनालयांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. हाताला जी सवय ती सवय. मास्तरांनी मला उलगडून धरलं, तर माझ्यावर लिहिलेलं होतं, 'न्याय हवा, शांतता राखा'.

"अरे गाढवा," मास्तर म्हणाले, "आपण मागायला निघालोय की लोकांना गप्प बसवायला?"

"शांतता म्हटलं की हात आपोआप राखाकडेच जातो हो," पेंटर ओशाळून म्हणाला.

मावशी हसली. बांबू गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, म्हणून सगळेच हसले. पेंटरनं 'राखा'वर पांढरा रंग थापला आणि वर ठसठशीत 'हवी' लिहिलं.

मग माझे वैभवाचे दिवस आले, मित्रांनो. एक टोक दिव्याच्या खांबाला, दुसरं झाडाला, आणि मधे मी, वाऱ्यानं पोट फुगवून. खाली दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसत. पलीकडच्या बायका घरून चहा आणत, अलीकडच्या पेले विसळत. ती मुलाखतीची मुलगीही यायची आणि मावशीजवळ बसायची. नोकरी तिला मिळाली नव्हती. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी फुगले, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, आता हे काम माझ्याच जिवावर तडीला जाणार.

आणि मला बांधायला दर शनिवारी कोण यायचं? न्हावी. त्याच्यासारखी गाठ कोणाला जमत नसे. वारा सुटला तरी त्याची दोरी सैल होत नसे. सभेत तो पहिल्या रांगेत बसे, मान डोलावे, टाळ्या वाजवी. बोलत मात्र नसे. तो गाठ मारत असताना मावशी खांबापाशी येऊन उभी राहायची.

"भाऊ, आज बोलता का?"

"मावशी, पुढच्या शनिवारी."

असं किती वेळा झालं ते मोजायला मला गणित येत नाही. एकदा मात्र तो दोरी हातात धरून थांबला. हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, माझं दुकान तिथंच आहे. ती पोरं रोज दारावरून जातात. दुकान काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही."

"माझा मुलगा नेला की उचलून," मावशी म्हणाली.

न्हाव्यानं गाठ मारली. इतकी घट्ट मारली की माझा काठ उसवला.

पुढे पुढे सभेची माणसं कमी होऊ लागली. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा, कोणाचं गुडघेदुखीचं निमित्त. चहा येईना, पेले विसळायला कोणी राहीना. कधी कधी माझ्याखाली मास्तर, मावशी, न्हावी आणि ती मुलगी, एवढीच माणसं. मावशी मला धुवून वाळवायची, आणि प्रत्येक धुण्यात माझ्यावरचा पांढरा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होता. तिकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

मग एक मोठे साहेब मास्तरांना भेटायला आले. सरकारी सभागृह फुकट, खुर्च्या, माइक, दोन्हीकडची बडी माणसं, शांततेचा मेळावा. अट एकच. जुनं उकरून काढायचं नाही.

मास्तर ते सांगायला दुकानात आले. मावशी इस्त्री करत होती. टेबलावर आता दुसरी कसलीतरी विटकी चादर होती, आणि मी घडी होऊन फळीवर पडले होते.

"लोक येईनासे झालेत," मास्तर म्हणाले. "मीही थकलो. आधी शांतता तरी होऊ दे. न्याय मागून येईल."

"वरातीमागून घोडं आणून काय करता, मास्तर?"

"तुम्हीच सांगा मग, दुसरं काय करू?"

तिनं इस्त्री उभी केली, मला फळीवरून काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "न्हाव्याला बोलावणार आहात ना?"

"त्याचा सत्कार आहे. दोन्ही वस्त्यांचे केस कापणारा माणूस म्हणून."

"मग मी येते," ती म्हणाली. मोठ्या दालनात, साहेबांसमोर त्याला धीर येईल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. आम्हा दोघींची अक्कल एकाच धोबीघाटावर धुतलेली.

सभागृहात मास्तरांनी 'न्याय हवा' एवढा भाग मागे दुमडून टाचण्या लावल्या. माझे करपट डाग त्या भागात होते, तेही गेले. उरलेला भाग भिंतीवर ताणून बसवताना 'हवी'वरचा राहिलासाहिला रंग झडून टेबलावर पडला, आणि आतून पेंटरचं जुनं 'राखा' काळंभोर उमटलं. पेंटर तिसऱ्या रांगेत होता. त्यानं डोक्याला हात लावला. साहेब मात्र मान वर करून वाचून म्हणाले, "वा. साधं, सोपं, मुद्देसूद."

भाषणं झाली. न्हाव्याच्या गळ्यात हार पडला आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकपाशी येऊन उभा राहिला. मावशी मागच्या रांगेतून उठली.

"भाऊ, आज शनिवार आहे. बोला."

सगळं सभागृह वळून पाहू लागलं. न्हाव्याचे ओठ हलले. मी त्याच्या पाठीशी होते, मित्रांनो, त्याची मान घामानं भिजलेली मी पाहिली. मी सांगते, तो बोलणार होता. शब्द त्याच्या दातांपर्यंत आला होता.

तेवढ्यात खुर्च्या लावणाऱ्या एका तरुणानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि गमतीनं मोठ्यानं वाचलं, "मावशी, शांतता राखा!"

लोक हसले. मग मागून, बाजूनं, सगळीकडून सुरू झालं, "शांतता, शांतता." लोक काही वाईट नव्हते. त्यांना घरी जायचं होतं. मास्तरही म्हणाले, "मावशी, बसा जरा." न्हाव्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "आपण सगळे एक आहोत." टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी उभीच होती. टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि मग चप्पल शोधून बाहेर पडली.

त्या सभेनंतर साक्षीदार नाही म्हणून प्रकरण बंद झालं. न्हावी दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. जे दुकान उचलून नेता येत नव्हतं, ते विकता आलं. जाताना तो मावशीला भेटला नाही. मास्तर आता रस्त्यात मावशी दिसली की पलीकडच्या बाजूनं जातात. चौकात शनिवारी गाड्या उभ्या असतात. दोन्ही वस्त्यांत भांडण नाही, तंटा नाही. लोक म्हणतात, बघा, किती शांत आहे.

मावशीनं सभागृहातून मला परत आणलं आणि पुन्हा इस्त्रीच्या टेबलावर अंथरून पाहिलं. पण इस्त्री फिरली की अक्षरांचा रंग मऊ होऊन लोकांच्या कपड्यांना लागतो. एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर 'न्याय'चं अर्धं अक्षर उलटं उमटलं, तर केवढा तमाशा झाला. तिनं मला काढून मोरीजवळच्या कोनाड्यात कोंबलं. मी ना चादर राहिले, ना फलक. घुशींनी एक कोपरा खाल्ला आहे. खाऊ देत. मला त्याचं दुःख नाही.

दुःख आहे ते वेगळंच. परवा आळीत नव्यानं राहायला आलेली एक सूनबाई कपडे टाकायला आली. बोलता बोलता तिनं विचारलं, "मावशी, मुलंबाळं किती?" पूर्वीची मावशी असती तर तिनं बांबूची सगळी गोष्ट सांगितली असती, न्हाव्याच्या नावासकट, आणि त्या सूनबाईला जेवायच्या वेळेपर्यंत सोडलं नसतं. मावशीनं इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून ती तापली का पाहिलं, आणि म्हणाली, "नाही कोणी."

मित्रांनो, माझ्यासारख्या बाकीच्या चादरी तुम्हांला सांगतील की आम्हांला उन्हात वाळवा, नीट घडी घाला, फेकून देऊ नका. मला तसलं काही सांगायचं नाही. तुम्ही डोळ्यांनी काही पाहिलं असेल, तर ते पाहिल्या दिवशी सांगून टाका. भीती वाटली तर रडत सांगा, पण सांगा. एक दिवस थांबलात की जीभ जड होते, आणि कोणाचीतरी आई तुमच्या तोंडाकडे बघत म्हातारी होते. आजवर हे कोणी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐकाल, अशी मला काही खात्री नाही.