म्हातारपणाचं सामान

लेक नवऱ्याशी फारकत घेऊन माहेरी परतली तेव्हा पीटीबाई काही बोलल्या नव्हत्या. मुकाट्याने तिची खोली झाडून दिली होती. तिने बँकेतली नोकरी सोडली तेव्हाही त्या गप्पच राहिल्या. पण तिने कोपऱ्यावरचं बंद पडलेलं चपलांचं दुकान भाड्याने घेतलं आणि त्यात म्हाताऱ्यांना लागणाऱ्या वस्तू विकायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"कसल्या वस्तू?"

"रोजच्याच गं. काठ्या, वॉकर, अंघोळीचं स्टूल, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, संडासात ठेवायची उंच सीट..."

"म्हणजे लोळत पडायची सोय."

"आई, लोकांना लागतं हे सगळं."

"लोकांना काय, पलंगावरून पाय खाली सोडायलासुद्धा माणूस लागतो."

पीटीबाई शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी आसपास त्यांना सगळे पीटीबाईच म्हणत. पाठ अशी ताठ, की मागून येणाऱ्याला वयाचा पत्ता लागू नये. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात: पळणारी आणि कारणं सांगणारी. दुसऱ्या प्रकाराचा त्यांना आयुष्यभर तिटकारा. पोटात दुखतंय म्हणून सावलीत जाऊन बसणाऱ्या मुली, पाय मुरगळल्याची चिठ्ठी आणणारे मुलगे, आणि या सगळ्यांच्या वर, शाळेतल्या गाणेबाई. क्रीडादिनाला शिट्टी वाजायच्या आत खुर्ची ओढून झाडाखाली टेकणारी बाई! एवढ्या वर्षांच्या नोकरीत पीटीबाईंनी तिला धावताना एकदाही पाहिलं नव्हतं. बस सुटत असतानासुद्धा नाही.

दुकान उघडलं. आत अजून चामड्याचा आणि गोंदाचा वास होता. चपला घालून बघायचं जुनं बुटकं बाकडं लेकीने तसंच ठेवलं होतं. पीटीबाई रोज सकाळी येऊन त्याच्यावर ठाण मांडायच्या. मदतीला म्हणून नव्हे; एवढे रडतराऊत एका जागी बघायला मिळतात म्हणून.

"गुडघे दुखतात?" एके दिवशी त्यांनी एका लठ्ठ गृहस्थाला विचारलं.

"हो ना, फार."

"दुखणारच. त्यांच्यावर काय लादलंय ते कधी आरशात बघितलंत?"

गृहस्थ हातातली काठी जागेवर ठेवून निघून गेला. मग एक बाई मोजे चढवायची प्लास्टिकची पन्हळ हातात घेऊन उलटसुलट बघत होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने पीटीबाई म्हणाल्या, "मोजे घालायला यंत्र! उद्या घास गिळायलाही मागतील." तीही गेली.

दुपारी एक मुलगा बापाला घेऊन आला आणि बाप शेजारी उभा असताना लेकीला म्हणाला, "यांना ऐकू येत नाही, तुम्ही माझ्याशीच बोला."

"त्यांना व्यवस्थित ऐकू येतंय," पीटीबाई बाकड्यावरून म्हणाल्या. "तुमचं ऐकण्यासारखं नसेल काही."

बाप एवढा हसला की त्याला खोकला आला. त्याने स्वतः निवडून काठी घेतली. दिवसभरात तेवढीच विक्री झाली, आणि पीटीबाई ती स्वतःच्या नावावर सांगत राहिल्या.

"आई, तू गिऱ्हाइकं हाकलतेस," लेक संध्याकाळी दात-ओठ खात म्हणाली.

"गिऱ्हाइकं नाही, आळशी."

असेच काही आठवडे गेले. मग एका सकाळी दार ढकलून गाणेबाई आत आल्या. अंग तसंच सैल, चेहरा तसाच निवांत. हात मात्र थरथरत होते.

"अगं पीटी! तू इथे? मला वाटलं तू अजून मैदानाला फेऱ्या मारत असशील."

"मारते," पीटीबाई म्हणाल्या. "तू काय घ्यायला आलीस? खुर्ची?"

"दोन कानांचा कप. हात आता आपले आपण ताल धरतात, मला विचारतसुद्धा नाहीत."

लेक कप आणायला मागच्या खोलीत गेली. गाणेबाई मात्र जत्रेत शिरल्यासारख्या हरखून गेल्या. डबे उघडायची पकड फिरवून पाहिली, उंच सीटवर दुकानातच ऐसपैस बसून पाहिलं. शेवटी लांब दांड्याचा चिमटा हाती लागला, तेव्हा चष्म्याचं घर मुद्दाम खाली टाकलं आणि बऱ्याच झटापटीनंतर चिमट्याने वर काढलं.

"आलं बघ!"

"लाज नाही वाटत?"

"कशाची? आलं की वर."

पीटीबाईंना ते बघवेना. त्या उठल्या, चष्म्याचं घर तिच्या हातातून हिसकावून परत जमिनीवर टाकलं. "हे असं उचलतात," असं म्हणून त्या गुडघ्यांत पूर्ण वाकून खाली बसल्या आणि घर उचललं. आणि मग उठायची वेळ आली, तर पाय उठेनात.

त्यांनी पुन्हा जोर केला. पण तोल जाऊन त्या फरशीवर बसल्या. समोर फळीच्या खालची बाजू दिसत होती.

"इथे केवढी धूळ आहे," त्या म्हणाल्या.

गाणेबाईंनी चिमटा बाजूला ठेवला. "हात देऊ?"

"नको."

"माझ्या हाताचा भरवसा नाहीच म्हणा. दोघी आडव्या होऊ." त्यांनी अंघोळीचं स्टूल पायाने ढकलत जवळ आणलं. "गुडघ्यांवर ये. दोन्ही हात याच्यावर टेक. आता एक पाऊल पुढे ठेव, आणि घाई करू नकोस. मला हे सारखं करावं लागतं. शिकवणीच लावली होती त्याची."

पीटीबाई उठल्या. घामाने मान ओली झाली होती. तेवढ्यात लेक कप घेऊन बाहेर आली आणि दोघींकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"तुझी आई धूळ बघत होती," गाणेबाई म्हणाल्या. "फार धूळ आहे हो तुमच्याकडे."

पडल्याचं दुःख एकवेळ पचलं असतं. पण झाकपाक केली ती या बाईने! उपकार, आणि तेही हिचे!

दुसऱ्या दिवसापासून पीटीबाई दुकानात गेल्या नाहीत. सर्दी झालीय म्हणाल्या. घरात त्या स्वतःच्या पायांकडे अशा बघायच्या, जशा पूर्वी चिठ्ठी आणणाऱ्या पोरांकडे बघायच्या. अंघोळीला गेलं की हात आपोआप आधाराला नळावर जायचा. नळ हळूहळू ढिला झाला, मग गळायला लागला. लेकीने तो पाहिला, घट्ट केला आणि विषय काढला नाही. पीटीबाईंनीही काढला नाही. जन्मभर दुसऱ्यांची कारणं उडवून लावलेल्या माणसाला स्वतःचं कारण कोणत्या तोंडाने सांगायचं, हेच त्यांना कळत नव्हतं.

एक दिवस लेक म्हणाली, "आज दुकानात ये. नवा माल दाखवायला एक एजंट येणार आहे. गोडबोल्या आहे. मी एकटी असले की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही."

एजंट चकाचक बुटांत आला. त्याने पेटीतून एक दांडी काढली; तिच्या दोन्ही टोकांना भिंतीला चिकटणारे रबरी पेले होते. "भिंतीला भोक नको, टाइल फुटायला नको. दाबा, चिकटवा, धरा! भाड्याच्या घरातसुद्धा चालते."

लेकीचे डोळे चमकले. भोक पाडायचं म्हटलं की घरमालक अडून बसतो, हे रडगाणं तिने गिऱ्हाइकांकडून रोज ऐकलं होतं. एजंटने दांडी दुकानाच्या काचेला चिकटवली आणि दोन बोटांनी ओढून दाखवली. "बघा, हलते का? तुमच्यासारख्या आजींना तर..."

"आजी कुणाची? तुझी?"

पीटीबाई उठल्या. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून त्यांनी काच ओली केली. "तुझ्या घरी बाथरूम कोरडं असतं का? आता चिकटव." त्याने चिकटवली. त्यांनी बुटकं बाकडं मागे ओढून घेतलं, दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग मागे झोकून दिलं.

फट्ट! दांडी हातात आली आणि पीटीबाई धाडकन बाकड्यावर बसल्या.

"अहो, एवढं वजन कुणी टाकतं का?" एजंट ओरडला.

"पडणारा माणूस दोन बोटांनी पडत नाही, गाढवा. सगळाच्या सगळा पडतो. खाली बसून फळीची खालची बाजू बघत राहायची, उठायला म्हणून कशावर तरी हात टाकायचा, आणि तेच उखडून यायचं..." त्या मध्येच थांबल्या. आवाज चढला होता, आणि शेवटी थोडा फाटलाही होता.

लेक आईकडे बघत होती. मग तिने दांडी पेटीत घातली, पेटी एजंटच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

पीटीबाईंनी फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं.

"मिस्त्री कधी मोकळा आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"आपल्या बाथरूमला. खरीखुरी दांडी, स्क्रूची. आणि स्क्रू लांब आणायला सांग. तुझ्या बापाने लावलेला एक हूकसुद्धा कधी जागेवर टिकला नाही."

"बरं," लेक म्हणाली. "आणि आई, त्या दिवशी धूळ..."

"होती धूळ."

लेकीने मिस्त्रीला फोन लावला.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पीटीबाई लोंबकळून, चेंगरून, ओली करून बघायला लागल्या. निम्म्या वस्तू त्यांनी परत पाठवल्या, त्याही शिव्यांसकट. पुढे त्यांनी दुकानात चटई टाकली आणि जमिनीवरून कसं उठायचं ते शिकवायला घेतलं. त्यांची जीभ काही मऊ झाली नाही. काहीजण चिडून जायचे. बरेचसे पुढच्या आठवड्यात परत यायचे, कारण घरी कुणी त्यांच्याशी इतकं मोकळेपणाने भांडत नसे. गाणेबाईसुद्धा यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि चटईकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या अव्वल आळशी आहेत, हे पीटीबाईंचं मत तसूभरही बदललं नव्हतं. फक्त त्यांची खुर्ची आता पीटीबाई स्वतःच मांडून ठेवायच्या, आणि कुणी बघत नाही ना, एवढं पाहून घ्यायच्या.

एकदा गाणेबाई आपल्या दोन नणंदांना घेऊन आल्या. दोघी भेदरून दारातच उभ्या राहिल्या.

"आत या," पीटीबाई म्हणाल्या. "खाली बसा. आणि चेहरे नीट करा, अजून कुणी मेलेलं नाही."